घर गुप्त ठेवा, जिल्हा कशाला? मराठी वाहिन्यांना विदर्भातल्या एका केबलवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते, लेखक आणि दिग्दर्शक यांस,

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात केबलचा धंदा करतो. तुम्ही मुंबईत जे चित्रित करता, ते शेवटच्या खांबावरून लोकांच्या घरात पोचवणं हे माझं काम. माकडांनी वायर तोडली की रात्री बॅटरी घेऊन मी निघतो. ऐन लग्नाच्या एपिसोडला पडद्यावर चौकटी आल्या तर शिव्या मला बसतात, तुम्हाला नाही. म्हणजे आपण एकाच धंद्यातले. आजवर बोलायची वेळ आली नव्हती, ती तुमच्यातल्या एकाने आणली.

त्या वाहिनीचं नाव लिहीत नाही. एकीचं लिहिलं की बाकीच्या सुटतात, आणि कमीजास्त हेच सगळ्यांनी केलेलं आहे. झालं असं, की विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोरीची गोष्ट म्हणून एक मालिका वाजतगाजत आली. जिल्ह्याच्या गावी मोठाली पोस्टरं लागली. बाया मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "भाऊ, ते चॅनल आमच्या पॅकमंदी हाये का?" नायिका कृषी पदवीधर, बापाची कोरडवाहू शेती, आणि गावातच राहून कापसाचं काहीतरी करून दाखवायची तिची जिद्द. सुरुवातीला लोक खरंच बघत होते. आपल्यासारखं बोलणारी पोरगी रोज रात्री टीव्हीत दिसते याचंच अप्रूप होतं.

मग एका रविवारी महाएपिसोड लागला आणि त्यात बापाने जीव दिला. पाठोपाठ पोरीचं लग्न होऊन ती पुण्याच्या बंगल्यात गेली. गाव संपलं, कापूस संपला, जिद्दही कुठे गेली ते कोणी सांगितलं नाही. सासूने तिचं बोलणं सुधारायला घेतलं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सासूसारखं बोलली, त्या दिवशी मागे सनई वाजली आणि घरातल्यांनी टाळ्या पिटल्या. लेखकाला त्या सासूचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं, हे त्या सनईवरून कळलं. आता त्या मालिकेत आमची बोली बोलणारी एकच बाई उरली आहे. ती बंगल्यात भांडी घासते, आणि तिने तोंड उघडलं की मागून 'ट्वॉंग' असा आवाज येतो.

असं का केलं म्हणून मी वाहिनीच्या वितरणाचं काम बघणाऱ्या माणसाला फोनवर विचारलं. तो भला माणूस आहे. म्हणाला, "रेटिंग नव्हतं हो."

रेटिंग म्हटलं की समोरचा गप्प बसतो, असा तुमचा अनुभव असेल. पण ही मोजणी कशी चालते ते केबलवाल्यालाही थोडंफार ठाऊक असतं. कार्यक्रमाच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. निवडक घरांत बसवलेला मीटर ती टिपतो, आणि घरातल्या प्रत्येकाने बघायला बसताना आपापलं बटण दाबायचं असतं. २०१५ पूर्वीच्या मोजणीत खेडी नव्हतीच. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे गावातला टीव्ही हिशेबात आला. तोवर आमची माणसं दर महिन्याला पैसे भरून बघत होती आणि तुमच्या कागदावर त्यांचा टीव्ही बंद होता.

आजही मराठी वाहिन्यांची चढाओढ 'महाराष्ट्र आणि गोवा' या एका बाजारावर लागते. त्यात दादर आलं, पणजी आली आणि दारव्ह्याजवळचा तांडाही आला. सगळं एकत्र ढवळलं की आमच्याकडे ती मालिका कितीजण बघत होते, हे आम्हाला कळायला मार्गच उरत नाही. मीटर कोणत्या घरात आहे हे गुप्त असतं, आणि ते गुप्तच राहावं. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी मीटरच्या घरांना पैसे दिल्याचा आरोप ठेवून टीआरपीचं प्रकरण बाहेर काढलं तेव्हा गुप्तता कशासाठी लागते ते सगळ्या देशाने पाहिलं. पण घर गुप्त ठेवता, ते समजलं. जिल्हा कशाला गुप्त ठेवता? 'विदर्भाची गोष्ट' विदर्भातच चालली नाही, की विदर्भात चालली आणि मुंबई-पुण्यात पडली, यातलं खरं काय ते तुम्हाला माहीत असणार. आम्हाला फक्त बाप मेलेला दिसला.

पुढे येते प्रतवारी. खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरला कापूस जसा प्रत लावून हवा असतो, तसा जाहिरातदाराला प्रेक्षक हवा असतो. त्यासाठी वर्षानुवर्षं जी पद्धत वापरली गेली तिच्यात दोनच गोष्टी विचारतात. घरातला मुख्य कमावता किती शिकला, आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी, आणि या सगळ्यांच्या रांगेत शेतजमीन. हे मला पोरीने दाखवलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, जिच्यापायी माणूस रात्र रात्र जागतो, ती तुमच्या यादीत एसीच्या शेजारी मालमत्ता म्हणून बसली आहे. कर्जाचा रकाना नाही. बरं, एवढं करूनही आमची प्रत खालचीच लागते, कारण बाकीच्या दहांत आम्ही कमी पडतो. मग जाहिरात ज्याच्यासाठी, मालिका त्याच्यासाठी. तासाला १२ मिनिटांच्या जाहिरातींचा खर्च कोणाच्या खिशाकडे बघून होतो हे मला कळतं. धंदा मीही करतो. फक्त त्या खिशाला आवडावं म्हणून आमच्या बापाला मारताना निदान 'विदर्भाच्या मातीतली गोष्ट' असं पोस्टर आमच्याच गावात लावू नका.

वेळेचंही तसंच. तुमचा प्राइम टाइम लोकलने घरी परतणाऱ्या माणसाच्या हिशेबाने लागलेला आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचायला गेलेली बाई दिवस मावळता घरी येते. वेचलेला कापूस मोजून होतो, मग स्वयंपाक. आठची मालिका तिच्या डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त पडते. आणि गडीमाणूस? गहू-हरभऱ्याला पाणी द्यायची थ्री फेज लाइन पाळीपाळीने रात्रीची येते. तुमची नायिका तीनदा मान वळवून बघते त्या वेळी आमचा माणूस रानडुकरांच्या धास्तीने टॉर्च घेऊन धुऱ्यावर उभा असतो. मीटर म्हणतो तो बघत नाही. बरोबरच म्हणतो.

आता पडद्यावर काय दिसतं त्याकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

माझी पोरगी अमरावतीला जनसंवाद शिकते. तिच्या अभ्यासात लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा शंभरेक वर्षांपूर्वीचा एक प्रयोग आहे. त्याने एका नटाचा कोणताच भाव नसलेला चेहरा घेतला. एकदा त्याच्यापुढे सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा बाई. चेहरा तोच, तुकडा तोच. पण बघणाऱ्यांना एकदा तो भुकेला वाटला, एकदा दुःखी, एकदा आसक्त. अर्थ चेहऱ्यात नव्हता, शेजारी काय जोडलं त्यात होता. हे ऐकल्यापासून मी तुमच्या मालिका वेगळ्या नजरेने बघायला लागलो. विदर्भातल्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी तुम्ही दोनच गोष्टी जोडता. एक म्हणजे भेगाळलेली जमीन, दुसरी म्हणजे तो 'ट्वॉंग'. पहिल्याने आम्ही मरणार हे कळतं, दुसऱ्याने आमच्यावर हसायचं हे कळतं. तिसरं काही जोडून बघावं असं कोणाला सुचलेलं मी पाहिलं नाही.

त्या भेगांबद्दल जरा सविस्तर बोलू द्या. ड्रोन वर जातो, पिवळट रंग चढतो, खाली दूरवर उललेली काळी जमीन, मध्ये एक म्हातारा आकाशाकडे बघतोय. कोणी काही न बोलता प्रेक्षकाला दुष्काळ आणि मृत्यू कळतो. आमच्याकडे ही जमीन दर उन्हाळ्यात उलते. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, तिचा गुणच तो. भरघोस पिकलेल्या वर्षीच्या मे महिन्यातही वावरात हात जाईल एवढ्या भेगा असतात, आणि पहिला पाऊस त्या भेगांतूनच खोल उतरतो. तुम्ही ज्या दृश्यावर करुण बासरी वाजवता, ते बघून आमचा शेतकरी म्हणतो, जमीन चांगली तापली, आता पाण्याची वाट. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारी तो ड्रोनचा शॉट बघून म्हणाली होती, "हे तं आपलंच वावर दिसते. याच्यात रडासारखं काय हाये?"

रडायसारखं जे आहे ते ड्रोनमधून दिसत नाही. पूर्व विदर्भ तर भाताचा आणि तळ्यांचा मुलूख, पण तिकडच्या माणसाची गोष्ट सांगायची झाली तरी तुम्ही याच भेगा जोडाल. आमच्या पश्चिमेकडच्या कापूसपट्ट्यातही पाऊस दगा देतो हे खरं, पण माणूस फक्त पावसाने मोडत नाही. २०२५ चंच घ्या. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. लोकांनी जूनमध्ये पेरलं. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना १९ तारखेपासून सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं, आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन आमचा माल बाजारात येतो तेवढ्या काळापुरती. डवरणीला गेलेल्या पोराने ही बातमी बांधावर मोबाइलवर वाचली, आणि बापाला आता सांगावं की रात्री जेवल्यावर, याचा तो विचार करत उभा राहिला. हा प्रसंग तुमच्या कोणत्याही लेखकाला सुचावा इतका सोपा आहे. यात ड्रोन लागत नाही. खर्च काय तो बांधावर जायचा.

किंवा खरेदी केंद्र घ्या. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या केंद्रावर कापसात ओलावा किती हे यंत्राने बघतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. भाड्याची गाडी लावून, थंडीत गेटवर रात्र काढून आलेला माणूस त्या काट्याकडे बघत असतो. तुम्ही स्वयंपाकघरात मिठाचा डबा कोणी बदलला यावर आठवडाभर ताण टिकवू शकता, मग या काट्यावर एक भाग टिकणार नाही असं मला वाटत नाही. २०१७ ची फवारणी तर आमच्याच जिल्ह्यातली. कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, त्यात दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारायला गेलेले मजूर होते. ज्याची जमीनच नाही असा मजूर तुमच्या शेतकरी-कथेत मी अजून पाहिलेला नाही. त्याच्याशेजारी जोडायला भेगा नसतात म्हणून असेल.

आत्महत्येबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट लिहितो. १९ मार्च १९८६ ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. सरपंच राहिलेला, संगीतात रमणारा शेतकरी होता तो. त्यांच्या आठवणीत दरवर्षी त्या तारखेला लोक ठिकठिकाणी एक दिवसाचा अन्नत्याग करतात. इथे हा विषय असा आहे. तुमच्याकडे तो रविवारच्या महाएपिसोडचा आहे. आठवडाभर आधीपासून 'बाबा परत येतील का?' असा प्रोमो फिरतो आणि शेवटचा क्षण तीन वेगवेगळ्या कोनांतून दाखवला जातो. माझ्या जोडण्यांमध्ये अशी घरं आहेत जिथे तो बाबा खरंच परत आला नाही. त्या घरांतल्या बायांनी त्या रविवारी टीव्ही बंद केला. वारसाची नोंद करायला तलाठ्याकडे हेलपाटे, नवऱ्याच्या नावचं कर्ज, सरकारी मदतीसाठी पात्र-अपात्रचा शिक्का, सासरच्यांशी जमिनीचा वाद, आणि तरी जूनमध्ये पेरणी. त्या बाईची गोष्ट नवरा मेल्यावर सुरू होते. तुमचा कॅमेरा नेमका त्याच दिवशी पुण्याला निघून जातो.

भाषेचं काय सांगू? तिच्यावर हसू नका असं माझं म्हणणं नाही. आम्ही स्वतःच तिच्यात एकमेकांवर येवढे हसतो की तुम्हाला जमणार नाही. पण विनोद बोलणाऱ्याने करावा लागतो. तुमच्याकडे बोलणं हाच विनोद असतो. बाई साधं "मी भाजी आणून राह्यली" म्हणाली तरी तो आवाज वाजतो. त्यात ती बोली अर्धवट शिकलेली. एका मालिकेत सून सासऱ्याला 'बे' म्हणाली. आमच्या गावात एखादी सून हे बोलली असती तर त्यावरच एक मालिका निघाली असती. वऱ्हाडात 'मले-तुले' चालतं, नागपूरची ढब वेगळी, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत झाडीबोली. तुम्ही सगळ्यांचं एक भरीत करून वर 'ना बाप्पा' पेरता. पोलिस इन्स्पेक्टर, डॉक्टर, कलेक्टर मात्र विदर्भातला असला तरी प्रमाण मराठीतच बोलतो. जिथे महानुभावांनी मराठी गद्य घडवलं ते रिद्धपूर आमच्या अमरावती जिल्ह्यात आहे, मराठी भाषा विद्यापीठही तिथेच सुरू झालं. त्या पट्ट्यातली बोली मोलकरणीपुरती कोणी ठरवली?

आणि गाव कसं दिसतं? तुमचं गाव म्हणजे एक वाडा, एक देऊळ, एक पार, मागे हिरवा डोंगर. ते वाईकडचं असतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. वाई सुंदर आहे, वाद नाही. पण आमच्या गावात निळा झेंडा आहे, बुद्धविहार आहे, १४ एप्रिलची मिरवणूक आहे. १९५६ मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर जे घडलं त्याने विदर्भातलं गाव न् गाव बदललं, तुमचं गाव मात्र अजून त्याआधीच्या सालात उभं आहे. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा असतो, टेकडीकडे कोलामांचा पोड असतो. तिथेही माझी वायर जाते, आणि तिथली माणसंही तुमच्याच मालिका बघतात. त्यांच्यापैकी एकही चेहरा पडद्यावर येत नाही, मोलकरीण म्हणूनसुद्धा नाही. शिवाय कापूस. नायिका धो धो पावसात वेचणी करत होती, कमरेला ओटी नाही, समोर पांढरीशुभ्र बोंडं. पावसाळ्यात! त्या भागाला बाया पोट धरून हसल्या. तुमचा तो दुःखाचा प्रसंग होता.

तुम्ही म्हणाल, टीका सोपी आहे, प्रेक्षकाला धरून ठेवणं अवघड. मान्य. म्हणून ज्यांनी ते केलंय त्यांच्याकडे बघा असं सुचवतो. माझी सासुरवाडी पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरीकडची. तिकडे दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. वडसा-देसाईगंज हे त्यांचं ठाणं, तिथून कंपन्या गावोगावी जातात. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, किंवा मंडई म्हणजे जत्रा असली की रात्री नाटक ठरलेलंच. पडदा रात्री उघडतो आणि पहाटे पडतो, लोक तिकीट काढून, चादरी पांघरून बसतात. ती नाटकं फार थोर असतात असं मी म्हणणार नाही. दारू, हुंडा, सख्खे भाऊ पक्के वैरी, मध्येच गडीमाणसांसाठी एक नाचगाणं, सगळा मसाला असतो, कधी कधी नको तेवढा. बाजार तेही करतात. पण त्यांचा प्रेक्षक त्यांच्या पुढ्यात बसलेला असतो आणि खोटं वाटलं की तो तिथल्या तिथे ओरडतो. नटाला ते वाक्य उद्याच्या गावात बदलावं लागतं. तुमच्या मीटरमधून ओरडणं पोचत नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. असे कलावंत तिथे शेकड्यांनी आहेत, रात्रभर उभं राहून काम करणारे, संवाद पाठ असणारे. तुमची निवड चाचणी अंधेरीत असते, आणि मग विदर्भाची आई साकारायला ठाण्याची बाई दोन आठवडे बोली शिकते. तिचा दोष नाही. तिला कोणी शिकवायलाही धड माणूस दिलेला नसतो.

तेव्हा मागण्या लिहितो.

पहिली, तो आवाज बंद करा. याला पैसे लागत नाहीत, बैठक लागत नाही, उद्यापासून होऊ शकतं.

दुसरी, विदर्भातलं पात्र असेल तर त्या भागाची बोली येणारा माणूस लेखनापासून चित्रीकरणापर्यंत सोबत ठेवा, त्याला मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव द्या. कोणत्या जिल्ह्याची बोली आहे ते आधी ठरवा. शेतीचा प्रसंग असेल तर पीक कोणत्या महिन्यात कसं दिसतं हे त्यालाच विचारा, तो चहाच्या कपावर सांगेल.

तिसरी, आत्महत्येचा प्रसंग प्रोमोत वापरू नका, कसं केलं ते दाखवू नका, मदतीचा क्रमांक पडद्यावर वाचता येईल इतका वेळ ठेवा. आणि बापाला मारायचंच असेल तर त्याच्या बायकोला पुढच्या भागातून गायब करू नका.

चौथी, निवड चाचण्या नागपूर, अमरावती आणि वडशाला घ्या.

पाचवी बार्कला आणि तुम्हाला मिळून आहे. मराठी वाहिन्यांच्या आकड्यांत ग्रामीण विदर्भ वेगळा काढून जाहीर करा. वर्षातून दोनदा केलं तरी चालेल. 'रेटिंग नव्हतं' हे उत्तर मग आम्हीही तपासून बघू.

यातली कोणतीच मागणी तुमच्या कलास्वातंत्र्यावर घाला नाही, हे वेगळं सांगायला नको. खलनायक विदर्भातला दाखवा, मूर्ख दाखवा, लबाड दाखवा. आमच्याकडे सगळ्या प्रकारची माणसं आहेत, म्हणूनच तर सांगतोय.

एक कायद्याचंही सांगून ठेवतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधले आहेत. केबलवाला म्हणून ते माझ्यावर लागू होतात म्हणून मी वाचलेत, तुमच्यावरही लागू होतात. त्यातल्या सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता आहे, आणि विशिष्ट वंशाच्या, भाषेच्या किंवा प्रदेशाच्या लोकांचं चित्रण बदनामीकारक, उपहासाच्या किंवा तुच्छतेच्या वृत्तीने करणारी दृश्यं वा शब्द दाखवू नयेत असं तिच्यात नोंदलेलं आहे. भांडीवाल्या बाईच्या प्रत्येक वाक्यामागे वाजणारा आवाज या वाक्यात बसतो की नाही, ते ठरवायला २०११ पासून वाहिन्यांचीच तक्रार परिषद आहे. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे आधी तक्रार वाहिनीकडे करायची आणि वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवायचा. त्या मालिकेबद्दलची आमची तक्रार, भाग आणि वेळ लिहून, गावातल्या बायांच्या सह्यांनिशी त्या वाहिनीला रजिस्टर पोस्टाने रवाना झालेली आहे. पुढची पायरीही आम्हाला माहीत आहे.

जोडणी मी तोडणार नाही. लोकांनी पैसे भरलेत, त्यांना जे बघायचं ते ते बघतील. त्यातल्या एका आजीने मात्र मला विचारलंय की त्या पोरीच्या आईचं पुढे काय झालं, कारण लग्नानंतर ती कधी दिसलीच नाही. मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या लेखकाला विचारून कळवा. १५ दिवसांच्या उत्तरातच लिहिलं तरी चालेल, आणि कोणत्याही जिल्ह्याच्या मराठीत लिहिलं तरी चालेल.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक केबलवाला
जि. यवतमाळ